हंगाम अडीच महिन्यांचा, लिहायचं बारा महिने: छोट्या धंद्यासाठी कंटेंट मार्केटिंग

मे महिन्याचा दुसरा आठवडा. पडवीत पेट्या भरणं चालू, टेम्पोवाला अंगणात घाई करतोय आणि फोन वाजतो. "अहो, आंबा वरून सोन्यासारखा, कापला तर आत पांढरट, रबरासारखा. कार्बाइड मारता का तुम्ही?" पलीकडे पुण्याच्या एक काकू. मग मी दरवर्षीचा खुलासा करतो. काकू, याला साका म्हणतात. हापूसच्या जातीतच तो दोष आहे. फळ झाडावर जरा जास्त तयार झालं आणि खालून कातळ तापला की आतला गर नीट पिकत नाही. बाहेरून तुम्हाला दिसत नाही, तसा मलाही दिसत नाही. किती निघाले त्याचा फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरून देतो.

एका फोनला पाच मिनिटं, आणि असे दिवसाला चार-पाच फोन. दोन हंगाम तोंड दुखेपर्यंत हे केलं. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत जरा सवड होती तेव्हा सगळं एका पानावर लिहून काढलं. साका असलेलं कापलेलं फळ आणि चांगलं फळ शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, तो वर लावला. प्रत्येक पेटीबरोबर त्या पानाची लिंक जायला लागली. फोन बंद झाले नाहीत, पण सूर बदलला: "तुम्ही लिहिलंय तसे दोन निघाले हो." आणि त्याच मोसमात अशा माणसांचे फोन आले ज्यांनी आमच्याकडून कधी एक डझनही घेतला नव्हता. त्यांनी आंबे दुसरीकडून घेतले होते, साका निघाला होता, विकणारा फोन उचलत नव्हता. उत्तर शोधता शोधता ते आमच्या पानावर येऊन पोचले होते.

कंटेंट मार्केटिंग, म्हणजे गिऱ्हाइकाच्या उपयोगाची माहिती देऊन त्यातून माल विकला जाणं, हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. माहीत होतं ते वेगळंच. आदल्या वर्षी एका एजन्सीला महिन्याच्या महिन्याला पैसे मोजले होते. त्यांनी काय केलं, तर गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, महिला दिनाच्या शुभेच्छा, गॉगल घातलेला आंबा. लाइक करणारे कोण, तर आमचेच आत्ये-मामे भाऊ. एक पेटी त्यातून गेली नाही.

मराठीत याचं जुनं आणि झकास उदाहरण आहे. लोखंडी नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांनी १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोचवायला. शंकरराव किर्लोस्करांनी त्यात माणसांना वाचावासा वाटेल असा मजकूर भरत नेला आणि ते मासिक नांगराच्या गिऱ्हाइकांपलीकडे घराघरांत गेलं. पुढे १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' त्यातूनच उगवली. आपल्याला मासिक काढायचं नाही. पण वाचणाऱ्याच्या उपयोगाचं आधी, आपला माल नंतर, हा क्रम तिथलाच आहे.

खाली सगळं आंब्याच्या अंगानं सांगतोय, कारण मला तेवढंच नीट कळतं. तुमचा धंदा मसाल्याचा, ब्लाउज शिवण्याचा किंवा दहावीच्या क्लासचा असेल तर आंब्याच्या जागी तो घाला.

पहिलं काम: वही

संगणक उघडायच्या आधी एक शंभर पानी वही घ्या. पंधरा दिवस गिऱ्हाईक जे जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. त्याचं शुद्ध मराठी करू नका. "सोनेरी रंग म्हणजे पिकलाय का?" असं कुणी विचारलं तर तसंच लिहायचं, "आंब्याच्या परिपक्वतेची लक्षणे" असं नाही. काकू गूगलवर जे टाइप करणार आहेत ते पहिलं वाक्य आहे.

माझ्या वहीतल्या एका पानावर हे आहे: पेटी कितीची म्हणजे नक्की किती डझन? देवगड का रत्नागिरी? कर्नाटकचा मिसळत नाही ना? हिरवे का पाठवलेत? पिकले की फ्रीजमध्ये ठेवू का? अक्षय्य तृतीयेला मिळेल का? मुलगी न्यू जर्सीला असते, तिच्याकडे जाताना बॅगेत नेऊ का? मागच्या वर्षीपेक्षा भाव का वाढला? हे सालीवर काळे ठिपके कसले?

पंधरा दिवसांनी वही घेऊन बसा आणि प्रत्येक प्रश्नापुढे एक खूण करा. विकत घेण्याआधी विचारलेला प्रश्न असेल तर "आ", माल पोचल्यावरचा असेल तर "नं". नवखी माणसं सगळं लक्ष "आ"वर देतात. माझा अनुभव उलटा आहे. "नं"चे प्रश्न आधी लिहा. त्यांची उत्तरं तुम्हाला पाठ असतात, ती लिहिल्यानं लगेच या मोसमातले फोन कमी होतात आणि जुनं गिऱ्हाईक टिकतं. शिवाय दुसऱ्याकडून माल घेऊन अडलेली माणसंही नेमकं तेच शोधत असतात.

काही प्रश्न विकत न घेणाऱ्यांचे असतात. तो न्यू जर्सीचा प्रश्न तसलाच. अमेरिकेत भारतीय आंब्याची आयात २००७ साली पुन्हा सुरू झाली, पण ती विकिरण प्रक्रिया केलेल्या, रीतसर निर्यात झालेल्या फळाची. प्रवाशाच्या बॅगेतून ताजा आंबा तिकडे नेता येत नाही. हे लिहिलं तर आपली पेटी जाणार नाही, उलट जायची असेल तर राहील. तरीही लिहा. आईला विमानतळावर फळं टाकून द्यावी लागली नाहीत म्हणून मुलगी पुढच्या वर्षी तिकडे बसून आईच्या पुण्याच्या पत्त्यावर पेटी मागवते. आमच्याकडे हे झालंय.

दुसरं काम: लोक शोधतात कसे ते बघणं

वहीतला एक प्रश्न गूगलमध्ये टाइप करायला लागा आणि एंटर दाबू नका. खाली जी यादी सुटते ती वाचा. लोकांनी खरोखर टाइप केलेल्या शोधांवरून ती बनते. एंटर दाबल्यावर मध्येच प्रश्नांची एक चौकट दिसते, तीही बघा. हे काम ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (जुने शोध न वापरणाऱ्या) खिडकीत करा, नाहीतर तुमच्याच जुन्या शोधांचं प्रतिबिंब दिसेल.

मराठी माणसाची इथे एक गंमत आहे. तो विचार मराठीत करतो आणि बऱ्याचदा टाइप करतो इंग्रजी अक्षरांत. "हापूस आंबा कसा पिकवायचा" हेच वाक्य कुणी देवनागरीत लिहितो, कुणी इंग्रजी लिपीत, कुणी माइकचं बटण दाबून बोलतो. म्हणून पानाचं शीर्षक देवनागरीत ठेवा, पण मजकुरात एखाद्या ठिकाणी आणि यूट्यूबच्या वर्णनात तेच वाक्य इंग्रजी अक्षरांतही एकदा येऊ द्या. एकदाच. दहा वेळा कोंबलंत तर वाचणारा पळतो आणि गूगललाही ते आवडत नाही.

आणि "हापूस आंबा" या दोन शब्दांच्या मागे लागू नका. तिथे मोठ्या कंपन्या, वर्तमानपत्रं, किराणा पोचवणारी अॅपं बसलेली आहेत. आपण अरुंद बोळ धरायचा: "हापूस आतून पांढरा का निघतो", "पेटीत आलेले हिरवे आंबे किती दिवसांत पिकतात". मोठ्या दुकानाला या बोळात शिरायला वेळ नसतो. या बोळात शोधणारी माणसं थोडी असतात, पण त्यांच्या हातात आंबा असतो.

तिसरं काम: एक उत्तर पुरं लिहिणं

इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. "मला लिहिता येत नाही." फोनवर तर छान सांगता ना? मग फोनवर सांगा तसंच सांगा. मोबाईलच्या कीबोर्डवर मराठी भाषा निवडा, माइक दाबा आणि समोर काकू आहेत असं समजून बोला. अक्षरं उमटत जातात. चुका होतील. हापूसचं कापूस झालेलं मी पाहिलंय. नंतर बसून दुरुस्त करा.

लिहिताना एक शिस्त पाळा: उत्तर पहिल्या दोन वाक्यांत. आपल्याकडे लेख "आंबा हा फळांचा राजा आहे" इथून सुरू करायची खोड आहे. हिरव्या आंब्यांची पेटी समोर उघडून बसलेल्या माणसाला राजा-प्रजा काही नको असतं.

माझा पहिला मसुदा असा होता: "आमच्या बागेतील नैसर्गिकरित्या पिकवलेले, अस्सल, रसाळ हापूस आंबे आपल्या कुटुंबासाठी सर्वोत्तम आहेत. आंबे पिकवण्यासाठी योग्य काळजी घेणे आवश्यक असते." दोन्ही वाक्यांत वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आत्ता ते पान असं आहे:

"आंबे हिरवे आलेत? तसेच पाठवलेत, घाबरू नका. घरी पिकायला साधारण पाच ते आठ दिवस लागतील; उकाडा जास्त असेल तर लवकर. पेटी आल्याबरोबर उघडा, बंद ठेवू नका. प्रवासात दबलेलं किंवा देठापाशी ओलं झालेलं फळ बाजूला काढा. कोपऱ्यात, जिथे ऊन आणि पंख्याचा वारा थेट येत नाही तिथे पेटीतलाच पेंढा पसरा. त्यावर फळं एका थरात, एकमेकांना न चिकटता मांडा. वरून पेंढा किंवा वर्तमानपत्र. ही झाली अढी. रोज एकदा हात फिरवा. वास सुटला, देठाजवळ बोट हलकं दबलं, की ते फळ तयार. सगळी फळं एकाच दिवशी पिकणार नाहीत, आणि ते बरंच आहे. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीनं त्याचं पिकणं बिघडतं आणि साल काळवंडते. पिकल्यावर ठेवलात तर दोन-तीन दिवस चालतो. साल थोडी सुरकुतली म्हणून फेकू नका, तोच आंबा बहुतेक वेळा जास्त गोड निघतो."

सव्वाशेच्या आसपास शब्द. यात आमची स्तुती कुठे नाही, बागेचं नावही नाही. नाव पानाच्या माथ्यावर आहे, फोन नंबर तळाशी. पुरतं.

फोटोचं सांगतो. सकाळी आठ-नऊच्या उजेडात पडवीत काढायचे, फिल्टर लावायचा नाही. फळाचा आकार सांगायचा असेल तर ते वजनकाट्यावर ठेवा, आकडा दिसू द्या. "मोठं फळ" म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. काट्यावरचे २६० ग्रॅम सगळ्यांना सारखेच दिसतात. आणि हात दिसू द्या. पेटीत पेंढा घालणारा, झेल्यातून, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळी लावलेल्या काठीतून, फळ काढणारा. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं काढलेला नूतन झेला देठासकट आंबा कसा उतरवतो याचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ आमच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त पाहिला गेला. देठ राहिला की चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाहीत. त्यातून सालीवरच्या डागांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तरही देऊन झालं.

भावाबद्दल लिहायला बहुतेक जण घाबरतात. लिहा. मार्चची पहिली पेटी महाग का, पुढे भाव का उतरतो, मजुरी, पेटी, पेंढा, वाहतूक आणि वाटेत खराब होणारं फळ यांत पैसे कसे जातात ते साध्या भाषेत मांडा. भाव वाचून जो परत जातो तो फोनवर वीस मिनिटं घासाघीस करूनही परतच जाणार होता.

खरं तेवढंच लिहायचं

हा नियम सगळ्या कामांना लागू आहे, म्हणून त्याला वेगळा क्रमांक देत नाही.

खाण्याच्या वस्तूच्या धंद्यात चार ठिकाणी पाय घसरतो. एक, "अस्सल". हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. आपली बाग कुठल्या तालुक्यात आहे ते लिहा, मानांकनाची नोंदणी केली असेल तर तसं लिहा. नसेल केली तर त्याचं चिन्ह वापरू नका. दोन, "नैसर्गिकरित्या पिकवलेला". फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे. इथिलीन वायूला अन्नसुरक्षा नियमांनुसार ठराविक प्रमाणात, दहा लाखांत १०० भागांपर्यंत, परवानगी आहे. तुम्ही रायपनिंग चेंबर (इथिलीननं फळं पिकवायची बंद खोली) वापरत असाल तर लपवू नका, कार्बाइड आणि इथिलीन यांतला फरक समजावून सांगा. ते स्वतःच एक उत्तम पान होईल.

तीन, "सेंद्रिय". प्रमाणपत्र नसेल तर हा शब्द लिहू नका. त्याऐवजी आम्ही काय करतो, तर तुडतुड्यांच्या किडीसाठी, भुरी रोगासाठी कधी आणि काय फवारलं, शेवटची फवारणी काढणीच्या किती दिवस आधी झाली, हे लिहितो. मला वाटलं होतं गिऱ्हाईक दचकेल. दोघे-तिघे दचकले. बाकीच्यांनी विचारलं, दुसरं कोणी हे सांगत का नाही? चार, औषधी गुण. आंब्याच्या पानांनी मधुमेह बरा होतो वगैरे फॉरवर्ड आपल्या नावानं पुढे ढकलू नका. असल्या दाव्यांच्या जाहिरातींवर १९५४ सालापासून कायदा आहे, आणि कायदा नसता तरी ते वाईटच.

आंबापोळी, डबाबंद रस, लोणचं विकत असाल तर पाकिटावरचा अन्नसुरक्षेचा (एफएसएसएआय) १४ अंकी परवाना क्रमांक फोटोत वाचता येईल असा दाखवा. नवीन माणूस तो शोधतो.

चौथं काम: ठेवायचं कुठे

आधी स्वतःच्या जागेत. साधी वेबसाइट असेल तर तिथे. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, वर्षाचं भाडं हापूसच्या एका पेटीहून कमी असतं. इन्स्टाग्रामवरची पोस्ट चार दिवसांत खाली जाते, स्टेटस तर २४ तासांत पुसलं जातं. स्वतःच्या पानावरचं उत्तर पाच वर्षं तिथेच असतं आणि दरवर्षी एप्रिलमध्ये पुन्हा वाचलं जातं.

गूगलवर धंद्याची नोंद फुकट होते. ती केली नसेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी ती करा. पत्ता, वेळ, फोटो, आणि हंगामाबाहेर "आत्ता आंबा नाही, आंबापोळी आहे" अशी नोंद. गिऱ्हाइकांना अभिप्राय लिहायला सांगा, पण त्याबदल्यात सूट देऊ नका. गूगलच्या नियमांत ते बसत नाही आणि पैसे देऊन लिहून घेतलेली स्तुती लगेच ओळखू येते. वाईट अभिप्रायाला भांडून उत्तर देऊ नका. "दोन फळं बदलून दिली, तिसऱ्याचा फोटो मिळाला नाही, कृपया पाठवा" एवढं शांतपणे लिहा. वाचणारे शेकड्यानं असतात, तक्रार करणारा एकच.

मग व्हॉट्सअॅप. आपल्याकडचा खरा बाजार तिथे आहे. बिझनेस अॅप घ्या. त्यात कॅटलॉग, ठरलेली उत्तरं आणि लेबलं मिळतात. वहीतल्या "नं"च्या प्रश्नांची उत्तरं ठरलेल्या उत्तरांत घालून ठेवा. "हिरवे का?" असा मेसेज आला की दोन बोटांत पानाची लिंक जाते.

ग्रुप काढू नका. शंभर गिऱ्हाइकांचा ग्रुप म्हणजे सकाळी शंभर सुप्रभात, आणि एकाची तक्रार नव्याण्णवांपुढे. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, तिच्यातून एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. पण एक अट आहे: ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. ही अट मला दोन वर्षं माहीत नव्हती. मी मेसेज पाठवत होतो आणि निम्म्या लोकांना काही मिळत नव्हतं. आता पहिल्या पेटीसोबत चिठ्ठी जाते: "पुढच्या वर्षी आंबा सुरू झाल्याचं कळवायला हवं असेल तर हा नंबर सेव्ह करा आणि 'हो' असं पाठवा. वर्षातून सात-आठ मेसेज, जास्त नाही." ज्यांचं "हो" आलं तेच लिस्टमध्ये. न विचारता कुणाला घालायचं नाही.

यूट्यूब आणि इन्स्टाग्राम सगळ्यात शेवटी, आणि दोन्हीपैकी एकच, निदान पहिलं वर्ष. एका उत्तराचं पान झालं की त्याचाच एक व्हिडिओ, त्यातल्याच एका वाक्याचं स्टेटस, पेटीत टाकायची छापील चिठ्ठीही त्यावरूनच. रोज नवीन काहीतरी सुचलं पाहिजे हा ताण तिथेच संपतो.

पाचवं काम: वर्षाचा आराखडा

आंबा मार्च ते मे किंवा जूनच्या सुरुवातीपर्यंत. मग उरलेले नऊ महिने लिहायचं काय? खरं तर तेव्हाच सांगण्यासारखं जास्त असतं. जूनला झाडांना खत. पावसात बाग कशी दिसते, कुठलं झाड कोसळलं. ऑक्टोबरात उकाडा, पालवी. थंडी लांबली की मोहोर लांबतो. डिसेंबर-जानेवारीत मोहोराचे फोटो, मग कणी, वाटाण्याएवढं फळ, सुपारीएवढं फळ. महिन्याला एक फोटो आणि चार ओळी पुरेत. जानेवारीत अवकाळी पाऊस आला आणि मोहोर काळा पडला तर तेही कळवा. यंदा आंबा कमी आणि उशिरा येणार हे गिऱ्हाइकाला जानेवारीत कळलं, तर एप्रिलमध्ये भाव ऐकून ते चिडत नाही. आमच्याकडे आधी पैसे भरून पेटी सांगणारे जवळजवळ सगळे या महिन्याच्या चार ओळी वाचणारे आहेत.

मोठी उत्तरं मात्र पावसाळ्यात लिहून टाका. नवीन पान गूगलमध्ये वर यायला आठवडे, कधी महिने लागतात. पिकवण्याचं पान एप्रिलमध्ये टाकलंत तर ते पुढच्या वर्षीच्या कामाचं. डिसेंबरपर्यंत पाच-सहा पानं तयार असली तर पहिल्या वर्षाला भरपूर झालं. आठवड्याला दोन तास, त्याहून जास्त मला जमत नाही आणि जमवायचा आग्रहही धरू नका. दिवाळीच्या फराळाचा धंदा असेल तर हेच गणित मागे सरकवा: चकली का हसते, अनारसं का विरघळतं हे ऑगस्टमध्ये लिहून झालेलं हवं.

चॅटबॉटकडून लेख लिहून घ्यावेत का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. शुद्धलेखन तपासायला, लांबलेलं वाक्य तोडायला मी वापरतो. उत्तर त्याच्याकडून घेत नाही. यंदा आमच्या उताराच्या बागेत साका वरच्या बागेपेक्षा कमी का निघाला हे त्याला कुठून कळणार? आणि तेवढीच एक गोष्ट वाचण्यासारखी असते.

सहावं काम: चाललंय का ते बघणं

ऑर्डरच्या वहीत एक रकाना वाढवा: कुठून कळलं? प्रत्येक नव्या माणसाला विचारा. "बहिणीनं लिंक पाठवली", "गूगलवर साका शोधत होते", "जुनं गिऱ्हाईक". मे महिन्याच्या शेवटी मोजा. वेबसाइट असेल तर गूगल सर्च कन्सोल जोडा, फुकट आहे. कुठल्या शब्दांवर तुमचं पान दिसलं आणि किती जणांनी ते उघडलं हे त्यात येतं. मला त्यातूनच कळलं की लोक "साका" हा शब्द फारसा टाइप करतच नाहीत. "आंबा आतून पांढरा" असं करतात. पानाचं शीर्षक त्या दिवशी बदललं.

लाइक मोजू नका. पहिल्या हंगामात आकडे निराश करतील; माझ्या रकान्यात पहिल्या वर्षी "गूगल" हा शब्द बोटांवर मोजण्याइतका होता. जी पानं दोन हंगाम कोणी उघडली नाहीत ती पुन्हा लिहा किंवा काढून टाका. मी "आंब्याचा इतिहास" नावाचं एक लांबलचक पान मोठ्या हौसेनं लिहिलं होतं. ते गेलं.

वहीत नवे प्रश्न येत राहतात. गेल्या मे महिन्यात नाशिकच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, घरी काढलेला रस साखर न घालता फ्रीजरमध्ये किती महिने टिकतो? मी सांगणार होतो "सहा-आठ महिने टिकतो की", मग थांबलो, कारण मी कधी तपासलेलंच नव्हतं. जूनमध्ये तीन डबे भरले, झाकणावर तारखा लिहिल्या. ऑगस्टचा उघडला, रंग आणि वास जागेवर होता. दिवाळीतला थोडा फिका पडला होता, चव चांगली होती. दोन्हीचे फोटो काढून ठेवलेत. तिसरा डबा गुढीपाडव्याला उघडायचा आहे, तोवर ते पान अर्धवटच राहणार.